घरच्या रीफ टाकीत समुद्री काकडी ठेवावी का? (ठाणे)

मिलिंद_घोडबंदर

नमस्कार मंडळी. ठाण्यात कावेसरला राहतो. हॉलमध्ये चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून पाणी चारशे लिटरच्या आसपास. खडक सिरॅमिकचे, खाली बारीक अरागोनाइट वाळूचा तीन बोटं जाड थर. क्लाउनची जोडी, एक यलो टँग, एक रॉयल ग्रामा आणि दोन क्लीनर कोळंब्या. कोरल म्हणाल तर मशरूम आणि झोअँथिड, बाकी काही नाही.

मासे मजेत आहेत, दुखणं वाळूचं आहे. वरचा थर तपकिरी होतो. सकाळी ब्रश फिरवला की पांढरी दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका मित्राने समुद्री काकडी, म्हणजे तो वाळूवर सरपटणारा लांबट मऊ प्राणी, टाकायला सुचवलं. ती वाळू गिळते, त्यातली घाण खाते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते म्हणे. दुसऱ्याने लगेच घाबरवलं की ती टाकीत मेली तर रातोरात सगळे मासे संपतात.

यातलं खरं काय? कुठली जात कमी धोक्याची? पॉवरहेडपासून (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) तिला कसं वाचवायचं? घाईने काही आणायचं नाहीये. आधी नीट समजून घ्यायचं आहे, म्हणून धागा काढला.

खारेपाणी

वाचतोय. माझ्याही वाळूची हीच रड आहे.

रीफवाला_नेरूळ

मिलिंद, तुझे दोन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर आहेत. समुद्री काकड्या ढोबळपणे दोन तऱ्हेच्या. एक, वाळूवर सरपटत तोंडाभोवतीच्या शुंडकांनी वाळू आत ढकलणाऱ्या. होलोथुरिया ॲट्रा, म्हणजे ती काळी, आणि होलोथुरिया एड्युलिस, पाठ काळपट आणि पोट गुलाबी, या त्यातल्या. दुसऱ्या खडकावर बसून फांद्यांसारखी शुंडकं पसरतात आणि पाण्यातलं प्लवक गाळून खातात. सी ॲपल त्यातली. जांभळी, लाल, पिवळी, दिसायला अतिशय देखणी. मासे मेल्याच्या बहुतेक गोष्टी तिच्याच असतात. वाळूवाल्यांचा धोका त्या मानाने बराच कमी.

पॉवरहेडला जाड छिद्रांचा स्पंज किंवा जाळीची टोपी लावायची, संपकडे जाणाऱ्या ओव्हरफ्लोच्या दातांवरही जाळी. ही मंडळी अंग इतकं सैल सोडतात की जिथून जाईल असं स्वप्नातही वाटत नाही तिथून निघून जातात. अंगाचा ताठपणा त्या वाटेल तेव्हा कमीजास्त करू शकतात. पंख्यात सापडली की मात्र खेळ खलास.

बाहेरच्या देशांत लोक अशा काकड्या वर्षानुवर्षं पाळतात. टाकी जुनी हवी, वाळू बारीक हवी, एवढंच.

स्नेहल_पाचपाखाडी

आमच्याकडे माशांना चिलर आहे आणि माणसांना पंखा. मे महिन्यात मीच टाकीपाशी खुर्ची टाकून बसते. 😄 काकडीसाठी आणखी काही मशीन लागणार असेल तर आधीच सांगा, नवऱ्याला हा धागा दाखवणार नाही.

ओहोटी

मिलिंद, घाईने आणायचं नाही म्हणालास हे फार बरं झालं. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी कायदा, कारण वरच्या प्रतिसादांत तो आलाच नाही. आपल्याकडे समुद्री काकडीच्या सगळ्याच जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ मध्ये त्या यादीत आल्या. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघ आणि ही काळी काकडी एकाच अनुसूचीत. पकडणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं, सगळं गुन्हा. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा दंड निदान २५ हजार रुपये आहे. दुकानात मिळते म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. 'इम्पोर्टेड आहे' या तोंडी हवाल्यावर तर अजिबात विसंबू नकोस, कारण या कायद्यात बाळगणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं की आपल्याकडे ती रीतसर आली. समुद्रघोडे आणि दगडी कोरलही त्याच वर्षी याच अनुसूचीत आले. तुझी मशरूम आणि झोअँथिड त्यात येत नाहीत.

आता विष. काकडीच्या त्वचेत आणि आतड्यांत सॅपोनिन गटातली द्रव्यं असतात. होलोथुरिन हे त्यांतलं सर्वांत माहीत असलेलं नाव. ही द्रव्यं पेशींची आवरणं साबणासारखी फोडतात. माशाच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा अगदी पातळ पडदा असतो, तो आधी बळी पडतो. मासा पाण्यात असून गुदमरतो. पॅसिफिक बेटांवरचे लोक पूर्वी काकड्या ठेचून ओहोटीच्या डबक्यांत टाकायचे, मासे वर तरंगले की गोळा करायचे. खुल्या समुद्रात हे विष पातळ होऊन वाहून जातं. चारशे लिटरच्या बंद पाण्यात ते जाणार कुठे?

काही जाती त्रास दिला की गुदद्वारातून पांढरे चिकट दोरे सोडतात. काही आपली आतडी बाहेर फेकतात आणि पुढे काही आठवड्यांत नवी तयार करतात. काळ्या ॲट्राकडे ते चिकट दोरे नाहीत, पण तिला हाताळलं तर त्वचेतून लालसर-जांभळा द्राव सुटतो. तोही विषारीच.

रीफवाला_नेरूळ

ओहोटीताई, कायद्याचं मान्य, मी तो मुद्दा वर लिहायला हवा होता हेही मान्य. पण सरसकट बंदी पटत नाही. वाळूतली होलोथुरिया स्काब्रा हिची पिल्लं आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्राने १९८८ मध्ये हॅचरीत तयार केली होती. रामनाथपुरमचे मच्छिमार कितीतरी वर्षं बंदी उठवा म्हणून सांगताहेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. शेती करता येते अशा प्राण्याला वाघाच्या ओळीत बसवून काय साधलं? चोरटा व्यापार पाल्कच्या सामुद्रधुनीतून चालूच आहे.

ओहोटी

दादा, मच्छिमारांचा प्रश्न खरा आहे आणि हॅचरीचा मुद्दाही खरा. शेतीतल्या जातींसाठी वेगळी वाट काढावी असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण बंदी का आली तेही पाहा. सुकवलेल्या काकडीला पूर्व आशियात प्रचंड भाव येतो. पकडायला ती सर्वांत सोपी, पळत नाही, लपत नाही, उथळ पाण्यात वाकून उचलली की झालं. आणि प्रजननाची तऱ्हा अशी की नर आणि मादी आपापले शुक्राणू आणि अंडी पाण्यात सोडून देतात. दोघं जवळजवळ असले तरच फलन होतं. दहातल्या आठ उचलल्या तर उरलेल्या दोन जिवंत राहूनही निपुत्रिक राहतात. म्हणून एखादी जागा एकदा उपसली की वर्षानुवर्षं भरून येत नाही.

लक्षद्वीपने २०२० मध्ये चेरियापाणी इथे २३९ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र खास समुद्री काकड्यांसाठी जाहीर केलं. इतक्या साध्या दिसणाऱ्या प्राण्यासाठी एवढं केलं गेलं याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

खारेपाणी

रामनाथपुरमच्या मच्छिमाराचं पोट एकीकडे आणि आमच्या हॉलमधली शोभा एकीकडे. दोन्ही एका तराजूत नको. बंदी उठली तरी हौसेसाठी आणावी का, हा प्रश्न उरतोच.

संजू_शारजाह

मूळचा कळव्याचा, सध्या शारजात. इथे माझ्या शेजाऱ्याकडे सी ॲपल होती, तिची गोष्ट सांगतो. वर कुणी म्हणालं ना, देखणी. खरंच देखणी होती. पण हळूहळू बारीक होत गेली. त्याला वाटलं वयाने. खरं तर ती उपाशी होती. पाण्यातलं सूक्ष्म प्लवक तिला दिवसभर लागतं, आणि आपण टाकी जितकी चकाचक ठेवू तितकी तिची उपासमार.

एका रात्री त्याचा फोन आला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वेडा झालाय. जाऊन पाहिलं तर स्किमरचा कप भरून पांढरा फेस खाली संपच्या कपाटात आणि तिथून फरशीवर. टाकीत टँग पृष्ठभागावर तोंड उघडून, कल्ले ताठ फाकलेले. क्लाउन वाळूवर आडवा, श्वास चालू पण भलताच भराभर. सी ॲपल पंप आणि खडक यांच्या मध्ये अडकलेली, अर्धी फाटून. कोरल आणि खेकडे सकाळी जसेच्या तसे. मासा एकही उरला नाही.

फेस का आला ते ओहोटीताईंचं वाचून आज कळलं.

अनघा_खारघर

बापरे. असं झालंच तर करायचं काय? कुणी क्रमाने सांगाल का?

काका_चरई

सांगतो. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतच म्हातारा झालो.

पहिलं, प्राणी बाहेर. हातमोजे घालून, भांडं पाण्यात बुडवून पाण्यासकटच उचलायचा. जाळीने ओढाओढ केली तर तो आणखी द्राव सोडतो. मासे जिवंत असतील तर वेगळ्या डब्यात तयार खारं पाणी आणि एअरस्टोन, आधी ते तिकडे. मग निम्म्याहून जास्त पाणी बदल. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन भरपूर, पिशवीत बांधून जिथून पाणी जोरात जातं तिथे. जुना कार्बन कामाचा नाही. स्किमर बंद करायचा नाही, फेस उतू जातोय तर कपाची नळी बादलीत सोडा, तो विषच बाहेर काढतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बदल, पुन्हा नवा कार्बन.

म्हणून तयार खारं पाणी घरात कायम ठेवावं. काकडी असो नसो. ड्रम झाकून, आत लहान पंप फिरता. रात्री दोन वाजता मीठ विरघळवत बसलात तर मासे वाट पाहत नाहीत.

स्नेहल_पाचपाखाडी

काकांचा प्रतिसाद छापून टाकीच्या कपाटाला चिकटवला. (नवऱ्याने धागा शोधून काढला शेवटी.)

प्रसाद_डोंबिवली

अवांतर. अंदमानला गेलो होतो तेव्हा नील बेटावर, हल्लीचं शहीद द्वीप, ओहोटीच्या वेळी गाइड खडकांतल्या डबक्यांतून ही काकडी उचलून पर्यटकांच्या हातात देत होता. फोटो काढा, पुढचा या. तळहातभर काळा मऊ प्राणी, दहा-बारा जणांच्या हातांतून फिरला. पोरं किंचाळत होती, आईवडील हसत होते. कुणाच्याच मनात आलं नाही की त्याला काही होत असेल.

ओहोटी

प्रसाद, हे अजिबात अवांतर नाही. काकडी श्वास गुदद्वारातून घेते. तिथून पाणी आत ओढते, आत झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात, त्यांतून प्राणवायू घेते आणि पाणी परत सोडते. हवेत उचलली की ते सगळं थांबतं, वर उन्हाचा चटका आणि माणसांच्या हातांवरचं सनस्क्रीन. पुढच्या वेळी गाइडला नम्रपणे सांगा, आम्ही वाकून पाण्यातच बघतो. दहा पर्यटकांनी सांगितलं तर अकराव्या वेळी तो उचलणार नाही.

अनघा_खारघर

+१. आणि टाकीतही हीच अडचण येणार ना? आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की पंप बंद, प्राणवायू कमी.

खारेपाणी

लाइटवरून आठवलं, १२ ऑक्टोबर २०२०. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडे एकदम अंधार. सोसायटीतल्या लोकांना लिफ्टची काळजी, मी मगने टाकीतलं पाणी उपसून वरून परत ओततोय. बायको म्हणाली, मला पण दे एक मग. दोघांनी पाळी लावली. सगळे मासे वाचले. त्यानंतर बॅटरीवरचा एअरपंप घेतला, लाइट गेली की आपोआप सुरू होतो. हौशी माणसाची पहिली खरेदी हीच असावी, दिवे आणि वेव्हमेकर (प्रवाह तयार करणारा पंप) नंतर.

काका_चरई

मगने पाणी ओतणं एकदम योग्य. पृष्ठभाग हलला पाहिजे, प्राणवायू तिथूनच मिसळतो.

मुक्ता_सीवूड्स

या धाग्यावर लिहू की नको असं होत होतं, पण मदत हवी आहे. आम्ही सीवूड्सला नुकतेच भाड्याने आलो. आधीचे भाडेकरू परदेशी गेले आणि मोठी टाकी तशीच सोडून गेले. घरमालक म्हणतात ठेवा किंवा भंगारात द्या. मासे दोनच, टाकी चालू आहे. काल टॉर्च मारली तर वाळूवर काहीतरी सरकताना दिसलं. वीतभर लांब, काळं, अंगभर वाळू चिकटलेली, पण पाठीवर दोन ओळींत गोल गोल जागा मोकळ्या, तिथे वाळू नाही. एका टोकाला काळी छोटी फुलं उघडमीट करतात आणि वाळू आत नेतात. मला हे इतकं सुंदर वाटलं की बराच वेळ बघत बसले. आता वरचं वाचून पोटात गोळा आलाय. ही तीच का? मी काय करू? खाडीत सोडून येऊ का, घरापासून जवळच आहे.

ओहोटी

मुक्ता, खाडीत अजिबात सोडू नकोस. बाकीचं सावकाश वाच.

वर्णनावरून होलोथुरिया ॲट्राच. अंगावर वाळू आणि पाठीवर मोकळ्या गोल जागांच्या दोन ओळी ही तिची ठळक खूण. तिचं घर म्हणजे प्रवाळ बेटांचं स्वच्छ, उथळ, भरपूर खारं पाणी. आपल्या खाडीत गाळ, सांडपाणी, आणि पावसाळ्यात क्षारता एकदम खाली. सी अर्चिनपासून तारामाशांपर्यंत या सगळ्या कुळाला क्षारता बदललेली सोसत नाही. तिथे ती मरेलच. शिवाय टाकीतले रोगजंतू आणि परके जीव खाडीत जातील ते वेगळंच. पलीकडे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

वनविभागाला कळव. १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. किनारी जीवांचं काम त्यांचा कांदळवन कक्ष बघतो, ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र तुमच्यापासून लांब नाही. फोन कर आणि शिवाय लेखीही दे.

ॲड_वर्तकनगर

वकिली करतो, म्हणून एवढंच सांगतो. मुक्ताताई, स्वतःहून आणि लगेच लेखी कळवणं हेच तुमच्या हिताचं आहे. भाडेकराराची प्रत, ताबा कधी घेतला ती तारीख, घरमालकाशी टाकीबद्दल झालेले मेसेज, सगळं एकत्र ठेवा. टाकीचा तारखेसकट व्हिडिओ काढा. प्राणी दुसऱ्या कुणाला देऊ नका, इथे कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून 'मी घेतो' म्हणालं तरी नाही. देणं-घेणं हाच गुन्हा आहे.

संपादक

वरच्या मुद्द्याला अनुमोदन. या धाग्यावर काकडी, समुद्रघोडा किंवा दगडी कोरल देण्याघेण्याचा कोणताही प्रतिसाद उडवला जाईल.

काका_चरई

पोरी, वनविभागाचे लोक येईपर्यंत ती जगली पाहिजे, आणि तुझे दोन मासेही. हात लावू नकोस. टाकीतल्या पंपांवर स्वच्छ नवीन स्पंज रबराने बांध, भांडी घासायचा साबण लागलेला नको. ताजा कार्बन टाक. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं तिथे साधं आरओचं पाणी थोडं थोडं घाल, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. वाळू साफ करू नकोस, ते तिचं ताट आहे. आणि माशांना कुठलंही औषध नको, कित्येकांत तांबं असतं आणि तांब्याने काकडी मरते. एवढंच. जास्त काही केलंस तर त्रास वाढेल.

मुक्ता_सीवूड्स

काका, ताई, वकीलसाहेब, खूप आभार. स्पंज बांधला. फोन केला, ईमेलही पाठवली. बाकी कळवते.

रीफवाला_नेरूळ

मुक्ता, नेरूळहून दहा मिनिटांवर आहे. रिफ्रॅक्टोमीटर आणि कार्बन घेऊन येतो, क्षारता मोजून देतो. माझी बायकोही सोबत येईल, काळजी नको.

मिलिंद_घोडबंदर

मंडळी, सगळं वाचलं, घरच्यांनाही वाचून दाखवलं. काकडी आणायची नाही, हे ठरलं. मुक्ताताई, तुमच्या कामाला यश येवो.

पण वाळू तशीच तपकिरी आहे हो. तिचं काय?

ओहोटी

आता मूळ प्रश्नाकडे. आधी एक आकडा देते, मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियात हेरॉन बेटाच्या प्रवाळावर ड्रोनने काकड्या मोजून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सगळ्या मिळून वर्षाला ६४ हजार टनांहून जास्त वाळू पोटातून फिरवतात. अफाट वाटतं ना? पण एकटी काकडी दिवसाला किती? साधारण ३८ ग्रॅम. तुझ्या टाकीतल्या वाळूपुढे हे काहीच नाही. सायफनची नळी तेवढं एका दमात ओढते. काकडीचं मोठेपण तिच्या संख्येत आणि समुद्राच्या पसाऱ्यात आहे, काचेच्या पेटीत आपण तिच्याकडून झाडूचं काम मागतो आणि तिला अर्धपोटी ठेवतो. टाक्यांतल्या कित्येक काकड्या महिन्यांमागून महिने आकसत जातात. माणसाला वाटतं सवय झाली. ती स्वतःचं अंग जाळत असते.

तेव्हा तपकिरी रंग मुळात कशाचा ते शोध. बोट फिरवलं की धुळीसारखा उडतो, की चादरीसारखा सोलून निघतो?

मिलिंद_घोडबंदर

धुळीसारखा उडतो. सोलून नाही निघत. पुढच्या काचेलाही तसाच पातळ थर येतो.

काका_चरई

मग डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. चादरीसारखा निघाला असता तर सायनो (थर धरणारे जिवाणू) म्हटलं असतं, त्याचं औषधपाणी वेगळं. डायटमची कवचं सिलिकाची, त्यांना पाण्यातून सिलिका मिळते आहे. आरओच्या पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिन) आहे का? रेझिन कधी बदललं?

मिलिंद_घोडबंदर

डीआय आहे. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवतो, म्हणून रेझिन अजून बदललं नाही.

काका_चरई

तिथेच गोम आहे. रेझिन दमायला लागलं की सर्वांत आधी सिलिका सुटते, आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. मीटर शून्यच म्हणत राहतो आणि तू रोज सिलिका ओतत राहतोस. रेझिन बदल, आरओचा पडदा जुना असेल तर तोही. वेव्हमेकर एक वाळूच्या दिशेने किंचित तिरका कर, घाण बसायला नको, पण वाळू उडायलाही नको. माशांना फ्रोझन खाणं देतोस तर आधी गाळणीत धुऊन दे, ते बर्फाचं पाणी टाकीत नको. पाणी बदलताना दर वेळी वाळूचा एक कोपरा सायफन कर, सगळी एकदम उकरायची नाही.

काचेशी वाळूच्या आत जे हिरवे पट्टे दिसतील ते तसेच राहू दे, तिथे बाहेरचा उजेड पोचतो म्हणून येतात, दुखणं नाही.

अनघा_खारघर

काका, मग वाळू हलती ठेवायला काहीच प्राणी नाही का चालणार? नॅसेरियस गोगलगायी?

खारेपाणी

माझ्याकडे आहेत. दिवसभर वाळूत गाडून, फक्त सोंड बाहेर. खाणं पडलं की सगळ्या एकदम उगवतात, पोरांना तो खेळच झालाय. पण त्या उरलंसुरलं मांस खातात, डायटम खात नाहीत. डायटमला सेरिथ गोगलगायी बऱ्या.

ओहोटी

दोन्ही चालतील, थोड्याच ठेवा. शंखांतल्याही काही जाती संरक्षित आहेत, मोठ्या आकाराचे टर्बो आणि ट्रोकस घेताना जात नीट विचारून घ्या. वाळू चाळणारे गोबी मासे मात्र छोट्या टाकीत आणू नका, तेही उपाशी मरतात.

मुक्ता_सीवूड्स

कळवते म्हणाले होते. वनविभागाचे तीन जण आले, सोबत सागरी जीवांची माहिती असलेल्या एक मॅडम. कागदपत्रं पाहिली, जबाब लिहून घेतला, पंचनामा झाला. मॅडमनी काकडी पाण्याखालीच डब्यात सरकवून घेतली, एकदाही हवेत काढली नाही. टाकीतलंच पाणी भरलं, बॅटरीचा एअरपंप लावला. पुढे कुठे ठेवायची ते तज्ज्ञ ठरवतील म्हणाल्या. मला कुणी रागावलं नाही, उलट स्वतःहून कळवल्याबद्दल बरं बोलले. रीफवाला दादा आणि वहिनी सोबत थांबले होते, त्यांचे किती आभार मानू.

दोन क्लाउन मात्र आमच्याकडेच राहिले. आता टाकी शिकायची आहे. ऐरोलीच्या केंद्रात क्लाउनची पैदास करतात असं मॅडम म्हणाल्या, मुलीला घेऊन तिथे जाणार आहे.

रीफवाला_नेरूळ

आभार कसले. आणि ओहोटीताई, बंदीबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, तुतिकोरिनसारख्या हॅचऱ्या वाढायला हव्यात असंच वाटतं. पण त्या दिवशी मॅडमनी तिला ज्या निगुतीने उचललं ते बघितलं, आणि घरच्या टाकीसाठी ती कुणाला सुचवायची नाही हे ठरवून टाकलं.

संजू_शारजाह

मुक्ता, शाब्बास!

मिलिंद_घोडबंदर

रेझिन बदललं, वेव्हमेकर वळवला, फ्रोझन धुऊन देतोय. काचेवरचा थर आधी कमी झाला, आता वाळूवरचाही उतरतोय. मागच्या कोपऱ्यात, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथे अजून आहे. काका, नमस्कार घ्या. आता थोड्या सेरिथ हव्यात. ठाण्यात कुणाकडे जास्तीच्या आहेत का?

काका_चरई

माझ्याकडे अंडी घालून घालून वाढल्यात. पाच-सहा देतो. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला ये. डबा झाकणाचा आण, त्या चढून बाहेर येतात. माझी सॅलिनिटी १.०२५ आहे, तुझी मोजून आधी कळव. फरक असला तर घरी नेऊन थेंब थेंब पाणी सोडत तासभर तरी जुळवून घे, मगच टाकीत टाक.